घरटी एक राक्षस

आमच्या कुंडलिकला राक्षसांची कणव यायची. कुंडलिक माझा चुलत भाऊ, माझ्याच वयाचा, आडनाव विशे, गाव सापगाव. शहापूरला एसटी स्टँडच्या मागे त्याचा सायबर कॅफे होता आणि त्याला लागून माझा टायपिंगचा क्लास. मधली भिंत प्लायवूडची, त्यामुळे त्याच्याकडच्या मारामाऱ्या माझ्या मुलींच्या पत्रलेखनात शिरायच्या. 'नम्रता मॅडम, परत सुरू झालं,' असं मुली म्हणाल्या की मी भिंतीवर पट्टी आपटायचे. आणि क्लास सुटला की मुकाट्याने पलीकडे जाऊन स्वतः खेळायला बसायचे.

ही गोष्ट २००६ च्या आसपासची. ऑनलाइन खेळात प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं, कोणी योद्धा, कोणी वैद्य, आणि सगळ्यांनी मिळून एका मोठ्या मुलखात राक्षस मारत हिंडायचं. मी वैद्य होते. दूरच्या कुठल्या सर्व्हरवर खेळायला आमच्याकडचं इंटरनेट पुरायचं नाही, म्हणून कुंडलिकने आपलाच सर्व्हर मांडला. सर्व्हर म्हणजे कोपऱ्यातला एक कॉम्प्युटर, झाकण काढलेला, समोर टेबलफॅन लावलेला. त्या मुलखात कोण कुठे आहे ते सगळं हे एकटं मशीन लक्षात ठेवायचं. राक्षसाने कोणत्या वाटेने जायचं, कोणाला हाणायचं, तेही तेच ठरवायचं. मुरबाडला चांगो नावाच्या माणसाचा कॅफे होता. तिथली मंडळीही आमच्याच मुलखात यायची.

पण कुंडलिकला खेळातले मूळचे राक्षस पटायचे नाहीत. एकाला आम्ही बडवत असताना दुसरा दोन पावलांवर नुसता उभा असायचा. कुंडलिकला ते बघवायचं नाही. "असं कुटं असतं का गो?" तो मला म्हणाला. "आमच्या आळीत नुसती भांडी पडली तरी चार घरची मानसं धावत येतात."

मग त्याने डोळखांबकडच्यासारखे डोंगर काढले, त्यांत राक्षसांचे पाडे वसवले, गुहेगुहेला भाऊकी आणि सोयरीक लावून दिली. एका राक्षसाला फटका बसला की गुहेतले सगळे धावणार. त्यांच्यातल्या कोणाला बसला की पलीकडच्या पाड्यावरून मामा, मावश्या निघणार. मी विचारलं, अरे, राक्षसाला मावशी कशाला? तो म्हणाला, मग त्याला लहानाचं मोठं कोणी केलं?

पहिल्या दिवशी हा प्रकार दिसायला झकास होता. एका फुटकळ राक्षसाला काठी बसली आणि क्षणात डोंगरउतार काळा झाला. आमची पळापळ झाली, हसून हसून पुरेवाट झाली. पण मामांचे मामा निघाले, त्यांचे व्याही निघाले, आणि सगळ्या मुलखातल्या राक्षसांना एकाच वेळी वाट शोधून देणं त्या बिचाऱ्या मशीनच्या आवाक्याबाहेरचं होतं. माझी वैद्य एक पाय उचलून उभी राहिली ती राहिलीच. तिकडे मुरबाडमध्येही सगळे जागच्या जागी थिजले. चांगोने फोन करून विचारलं की तुमच्या मुलखात गावजेवण आहे का. हे मग रोजचंच झालं. तेवढा नियम काढून टाक म्हटलं तर कुंडलिक ऐकेना.

त्याचा मोठा भाऊ शेखरदादा आसनगावच्या एका कारखान्यात होता. दादा बोलायला कमी, पण बोलला की बदलायचा नाही. धाकट्याचं लग्नाचं वय होत आलं आणि हा राक्षसांच्या सोयरिकी जुळवत बसलाय, हे त्याला खुपायचं. त्यातच कुंडलिकने चांगोला बढाई मारली की म्हसा गावच्या जत्रेनंतरच्या रविवारी चाळीस जण एकदम या, आमचा सर्व्हर डगमगणार नाही. ते दादाच्या कानावर गेलं. तो म्हणाला, "रविवारी बंद पडलं तर दुकानाला कुलूप. सोमवारपासून माझ्यासंग कंपनीत यायचं. मी साहेबाशी बोललोय." कुंडलिक बरं म्हणाला. त्याचा चेहरा मात्र असा उतरला की मला भिंतीवर पट्टी आपटवेना.

त्याच आठवड्यात त्यांच्या बहिणीची, वैष्णवीची हळद ठरली. गावात तोंडी आमंत्रणं द्यायचं काम धोंडूबाईकाकीने, म्हणजे त्यांच्या आईने, कुंडलिककडे सोपवलं, आणि हा पठ्ठ्या दिसेल त्या दाराशी चूलबंद सांगत सुटला. चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरी चूल पेटायचीच नाही, लहानथोर सगळ्यांनी आपल्याकडे जेवायला यायचं. काकीला हे कळलं तेव्हा मी तिथेच तांदूळ निवडत होते. काकीने कपाळाला हात लावला. तिने त्याला समोर उभं करून सुनावलं की चूलबंद फक्त भाऊकीला, बाकी गावाला घरटी एक माणूस. त्यात कोणाचा अपमान नाही, घराचा मान राहतो आणि मांडवही पुरतो.

कुंडलिक उंबऱ्यावर बसला. काकीला वाटलं पोराला लागलं, ती जरा नरमली. पण तो म्हणाला, "आये, म्हंजे घरातला एक आला तरी घर आलं, असंच ना?" काकी हो म्हणाली, आणि तो हळद, मांडव सगळं सोडून शहापूरला पळाला. राहिलेली आमंत्रणं मी दिली आणि दारोदारी त्याला शिव्या घातल्या.

त्याने नियम बदलला. फटका बसला की आता दर गुहेतून एकच राक्षस धावायचा, बाकीचे झोपलेले. ज्या डोंगरावर एकही माणूस नाही, तिथे तर कोणीच उठायचं नाही. मशीन एकदम हलकं झालं. कुंडलिक मात्र जड झाला. कोणाला पाठवायचं, कोणाला घरी ठेवायचं, यावर त्याचा जीव अडकायचा. थोरला पाठवावा तर गुहा उघडी पडते, धाकटा पाठवावा तर तो मार खातो. मी ओरडले की अरे, ते राक्षस आहेत. तो म्हणाला की ते मला माहीत आहे.

रविवारी दुपारी कॅफे गच्च भरला. वीज होती, हे आमचं नशीब. मुरबाडची मंडळी आली, आमची आली, चाळीस पुरे झाले. शेखरदादा माझ्या क्लासमधलं स्टूल घेऊन कुंडलिकच्या पाठीशी बसला. लढाई सुरू झाली आणि मी तर हातच जोडले. मशीनने कुठे आचका दिला नाही. दर गुहेतून एकेक राक्षस येत होता, लढत होता, पडत होता. चांगोने फोनवर कबूल केलं की मानलं बुवा. कुंडलिकने फोन न कापता तसाच टेबलावर ठेवला.

शेवटी सगळ्यांत मोठा राक्षस उरला. चाळीस जणांनी त्याला घेरलं. तो एकटाच गरागरा फिरत होता, कधी याला हाणत होता, कधी त्याला. दादा पुढे वाकला. बराच वेळ त्याने पापणी हलवली नाही.

"याची मानसं कुटं हायत रं?" त्याने विचारलं.

"झोपवलीत," कुंडलिक म्हणाला. "सगळे उठले तर मशीन बसतं."

"म्हंजे हा असा एकटाच मरनार?"

कुंडलिकने टेबलफॅन मशीनच्या आणखी जवळ सरकवला.

"उठव त्यांना."

"दादा, बंद पडंल."

"उठव म्हनतो ना."

कुंडलिकने माझ्याकडे बघितलं. मला खरं म्हणजे भीती वाटत होती, तरी मी मान हलवली. त्याने नियम पुसला.

डोंगर हलले. गुहांमधून भाऊ निघाले, मामा निघाले, मावश्या निघाल्या. सगळा मुलूख त्यांनी भरून गेला. आमची पोरं खुर्च्यांवर चढली, फोनमधून मुरबाडचा कल्ला ऐकू आला. मोठ्या राक्षसाभोवती त्याच्या लोकांचं कडं पडलं, आणि त्याच क्षणी सगळं थिजलं. पंखा गरगरत राहिला.

आता दुकानाला कुलूपच, असं धरून कुंडलिक कॉम्प्युटरचं झाकण हातात घेऊन उभा राहिला. दादा उठला. त्याने मशीनला हात लावून बघितला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"केवढं तापलंय," तो म्हणाला. "उद्या रजा टाकतो. कल्याणला जाऊन याच्याहून दमदार मशीन बघून येऊ."

मला तर रडूच आलं, आणि ते मी लपवलं नाही.

"आनि कंपनी?" कुंडलिकने कसंबसं विचारलं.

"कंपनीत मी हाय ना," दादा म्हणाला, आणि कोण जिंकलं म्हणून तिकडून ओरडणाऱ्या चांगोचा फोन त्याने कानाला लावला.