वाकलेली पेप्सी

कल्पना करा, फ्रीजरमधून मटणाची पिशवी तुम्ही आत्ताच बाहेर काढली आहे. दगडासारखी कडक. बोटं बधिर होताहेत. उद्या लेक घरी येणार, तिला आठवा महिना लागलाय आणि तिला झणझणीत रस्सा हवा आहे. ही पिशवी तुम्ही कुठे ठेवाल? ओट्यावर? गरम पाण्यात? उन्हात?

मारेगावच्या कोकिळाकाकू या प्रश्नाला अजून घाबरतात.

काकू मूळच्या मुकुटबनच्या. माहेरी मटण आलं की त्याच दिवशी शिजायचं, त्याच दिवशी संपायचं. गोठलेलं मटण त्यांनी पहिल्यांदा हातात घेतलं ते सासरी फ्रीज आल्यावर. मग मिरच्या, डाळ, गाद्या यांचं जे करत आल्या तेच त्यांनी मटणाचं केलं. परातीत काढलं, वर सूप झाकलं आणि अंगणात उन्हात ठेवलं. उन्हानं सगळं शुद्ध होतं, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. दुपारपर्यंत वरचं मांस कोमट झालं, आत बर्फ तसाच. त्या दिवशी सगळ्यांत जास्त जेवले ते पुंडलिकराव, म्हणजे काका. दुसऱ्या दिवशी ते वणीच्या दवाखान्यात होते. हाताला सलाईन, डोळे खोल गेलेले, बोलायचे तर नुसते ओठ हलायचे.

मी शेजारी राहतो. फ्रीज-एसी दुरुस्तीचा आयटीआय केला आहे. मटण थंडीतच हळूहळू वितळू द्यायचं, हे काकूंना मीच सांगितलं. तेव्हापासून त्या पिशवी आदल्या संध्याकाळी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरवतात, तीही गंजात, खोल पातेल्यात, म्हणजे तिचं पाणी भाजीवर ठिबकत नाही.

यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, गल्लीतल्या घरांनी मिळून बोकड कापला. काकूंनी आपला वाटा लेकीसाठी, निकितासाठी गोठवून ठेवला. तिला आवडते म्हणून पेप्सीही आणून ठेवली, प्लॅस्टिकच्या लांब नळीत गोठवतात ते रंगीत गोड पाणी. निकिता उमरखेडहून बाळंतपणाला आली, त्या दिवशी काका-काकू शेतातून नुकतेच परतले होते. मी वणीहून येऊन त्यांच्या कुकरची शिट्टी साफ करत होतो. गंजातलं मटण मऊ झालं होतं. रंग लाल, वास काही नाही. काकूंनी तेलात वाटण टाकलं.

निकितानं फ्रीजर उघडला आणि हसायलाच लागली. "आई, हे पाय! तुह्या पेप्सीचीबी कंबर गेली माह्यासारखी!"

बर्फाच्या ट्रेवर आडवी ठेवलेली नळी दोन्ही टोकांना खाली वाकून, तशीच कडक गोठली होती. आम्ही हसलो. काकूंनी गॅस बंद केला.

"काल मटन उतरवलं तवा हे सरळ होती."

माझं हसू गेलं. म्हणजे घरी कुणी नसताना लाइट इतका वेळ गेली होती की फ्रीजरमधली पेप्सी वितळून वाकली. मग खालच्या कप्प्यातलं मटण तर कधीचंच तापलं असणार. लाइट आल्यावर पेप्सी पुन्हा गोठली, कप्पा पुन्हा गार झाला. कुणाला काही कळलं नसतं.

"वास घेऊन पाय ना," काका म्हणाले. "ताजं आहे. अन् कुकरमंदी कोनता जंतू वाचते बाप्पा?"

"तुमी दवाखान्यात गेले त्या डावबी कुकरमंदीच शिजवलं होतं," काकू म्हणाल्या.

मी सांगितलं, जंतू मरतात काका, पण काही जंतू मांसात विष सोडतात. ते उकळूनही जात नाही आणि त्याला वास येईलच असं नाही.

निकिता रडवेली झाली. "दोन फोडी तं दे न, आई. इतक्या दुरून आली मी."

"एकटी आली काय तू?" काकूंनी तिच्या पोटाकडे पाहिलं.

"मंग कुत्र्याले तरी टाक," काका म्हणाले.

"त्याले पोट नाही काय?"

काकांनी परसात खोल खड्डा करून मटण पुरलं. त्याच वाटणात वांगी-बटाटे शिजले. निकिता जेवताना म्हणाली, "बाबा, तुमच्या बोकडाले देठ आहे!" काका हसले, मी हसलो. काकूंनी घासही तोंडात घातला नव्हता. वाकडी पेप्सी त्यांच्या हातात होती आणि तिचं लाल पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं.

"आज हे वाकली म्हनून दिसलं," त्या मला म्हणाल्या. "पन आधी कधी पेप्सी ठेवलीच नव्हती न आपन. निकिता दर खेपेले येते, दर खेपेले मी मटन काढतो. मंग सांग बाबू, किती डाव असंच वितळून पुन्हा गार झालं असंल, अन् मी माह्या हातानं पोरीच्या ताटात वाढलं असंल?"