डावखुऱ्या बॉलरसाठी लिहिलेली टीप

दोन हजार चार साली ऑगस्टातल्या एका दुपारी मी राहनाळ सोडलं. सुमोच्या मागच्या काचेतून शेवटचं जे दिसलं ते असं: आई पदरानं डोळे पुसतेय आणि बाबांनी जितूच्या खांद्यावर हात ठेवलाय. माझ्या नाही, जितूच्या! अरे, अमेरिकेला चाललंय कोण? पोरगा कोणाचा? बावीस वर्षांत त्या हातानं माझी पाठ दोन-चारदा बडवली होती, पण खांद्यावर असा निवांत तो कधी टेकला नव्हता. मी पाया पडलो तेव्हा बाबा एवढंच म्हणाले होते, "पासपोर्ट घेतलास ना? मग झालं." माझ्यासारखे जे गेले त्यांना गाडीत रडू आलं असेल. मला कशेळीचा पूल ओलांडेपर्यंत रडू आलंच नाही. मी नुसता जळत होतो.

जितू म्हणजे माझा चुलत भाऊ, धाकट्या काकांचा मुलगा. आमची घरं भिंतीला भिंत लागून, वयात फरक तीन महिन्यांचा. मी शिकलो, तो बारावीनंतर थांबला. आमच्या भातशेतीवर गोडाऊन उभी राहिली त्यातल्याच एकात तो सुपरवायझर झाला. सकाळी चालत ड्युटीला, दुपारी घरी जेवायला, संध्याकाळी सुटला की पुन्हा मोकळा. हे सगळं त्याला बसल्या जागी मिळालं, असं मला तेव्हा वाटायचं. आजही थोडं वाटतं, खोटं कशाला बोलू?

कॉम्प्युटर मात्र माझा होता. इंजिनीअरिंगसाठी घेतलेला. त्यावर खेळायला आम्ही दोघं निजामपुऱ्यात क्रिकेटच्या गेमची सीडी आणायला गेलो होतो. वरच्या कागदावर क्रिकेट, आत निघालं बेसबॉल. दुसऱ्या दिवशी परत गेलो तर दुकानदार शेजारच्या पॉवरलूमच्या खडखडाटात ओरडून म्हणाला, "अरे भाई, इसमें भी बॅट है, उसमें भी बॅट है. झगडा किस बात का?" सीडी काही बदलून मिळाली नाही. मग आम्ही तोच गेम क्रिकेटसारखा खेळायला लागलो. येईल त्या बॉलवर बॅट फिरवायची, आणि मारल्यावर धोका वाटला तर पळायचंच नाही. बॅट्समन आपला आपण पळत सुटायचा आणि आम्ही दोघं खुर्चीवरून ओरडायचो, "नको नको, मागे फिर!" वाईट बॉल सोडून द्यायचे, असे चार सोडले की पहिला बेस, म्हणजे पळायच्या वाटेवरचा पहिला थांबा, फुकट मिळतो, हे कळायला आम्हाला महिना लागला. त्या महिन्यात आम्ही दोघं जेवढे हसलो तेवढा मी पुढे कधी हसलो नाही.

ओहायोत आलो आणि पहिल्या हिवाळ्यात कळलं, इथे माणसं बोलत नाहीत, हवामानावर शेरे मारतात. युनिव्हर्सिटी, लॅब, लाँड्रोमॅट, फ्रोझन पराठे. दर रविवारी फोनचं कॉलिंग कार्ड खरवडून घरी फोन. बाबा फोनवर यायचे आणि ठरलेली दोन वाक्यं बोलायचे. "जेवलास? थंडी हाय का?" मी हो म्हणायचो, की फोन आईकडे. मी त्यांना सांगणार तरी काय होतो? थर्मोडायनॅमिक्स?

जितू मात्र कल्याण नाक्याच्या सायबर कॅफेतून मेल करायचा. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. त्याला एकच विषय. आता तू बेसबॉलच्या देशात गेलास, तर बघून नीट टिपा पाठव. मलाही ते बरं वाटलं. कुणाला तरी माझ्या अमेरिकेचा काही उपयोग होता. विद्यापीठाच्या मैदानावर मी थंडीत कुडकुडत मॅच बघायचो आणि लिहायचो. पहिला बॉल सोडायचाच, बॉलर कसा आहे ते कळतं. बॅटकडे बघू नका, बॉलरच्या हाताकडे बघा. दोनदा हुकलं की जोर सोडा, नुसती बॅट लावा. बेस चोरायचा असेल, म्हणजे बॉलर बॉल टाकायच्या आत पुढच्या बेसकडे पळायचं असेल, तर दोनच पावलं पुढे सरकून उभे राहा, तिसरं पाऊल टाकलं की तो वळून तुम्हालाच बाद करतो. त्यानं पाय उचलला की कीबोर्डवरचा एस दाबा आणि पळा.

जितूची उत्तरं यायची. "मस्त. आज अकरा रन." आणि मग एक दिवस खाली एक ओळ आली. "मोठेबाबा पण रोज संध्याकाळी येऊन बसतात."

मोठेबाबा म्हणजे माझे बाबा. ते माझ्या खोलीत येऊन बसतात! मी त्या खोलीत चार वर्षं अभ्यास केला, गेम खेळलो, तापानं फणफणलो. बाबा दाराशी यायचे आणि "लाईट बंद कर" म्हणून निघून जायचे. आणि आता जितूच्या बाजूला रोज? पुढच्या मेलमध्ये होतं, मोठेबाबा आणि तो आता एका ताटात सुकट-भाकरी खातात, गेम चालू असताना. आई ताट तिथेच आणून देते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी खोली, माझी खुर्ची, माझा कॉम्प्युटर, माझा बाप. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, तो हाच. मी लॅबमध्ये बसून ती ओळ चार-पाचदा वाचली. शेजारचा चिनी मुलगा विचारत होता, बॅड न्यूज?

त्याच आठवड्यात जितूचा प्रश्न आला. "डावखुरा बॉलर आला की पळायचं की नाही? आम्ही सारखे अडकतो." याचं उत्तर मला पक्कं माहीत होतं. उजव्या हाताचा बॉलर पहिल्या बेसकडे पाठ करून उभा राहतो, डावखुऱ्याचं तोंड सरळ तुमच्याकडे असतं. तुम्ही हललात की तो बघतो आणि बाद करतो. डावखुऱ्याला शहाणा माणूस पळतच नाही.

मी लिहिलं, "डावखुरा बॉलर दिसला की डोळे झाकून पळायचं. पहिल्याच बॉलला."

मला काय हवं होतं ते सरळ सांगतो. बाबांच्या डोळ्यांसमोर जितूनं तोंडावर आपटावं. पुन्हा पुन्हा. मग बाबांनी म्हणावं, हेमंत असता तर असं खेळला नसता. एवढ्याशा वाक्यासाठी मी सातासमुद्रापलीकडून खोटं लिहिलं. तुमच्यापैकी कुणी घरी राहिलेल्यांवर असं जळलं असेल तर मनातल्या मनात हात वर करा, मी कुणाला सांगणार नाही.

मला वाटलं, जितू रागावून मेल करेल. नाही केला. पुढच्या मेलमध्ये त्या टिपेचं नावच नव्हतं. मीही विचारलं नाही. पुढे नोकरी लागली, व्हिसाचं चक्र आलं, मेल कमी झाले. तीन वर्षांनी डिसेंबरात मी पहिल्यांदा घरी आलो.

आईनं ओवाळलं, काकांनी बॅग घेतली, जितूनं मिठी मारली. बाबा दिसेनात. "कुठे आहेत?" तर आई हसली. "तुझ्या खोलीत. जा, बघ म्हातारपणी काय धंदे चाललेत."

बाबा माझ्या खुर्चीवर बसले होते. बनियन, चष्मा नाकाच्या टोकावर, कीबोर्डवर एकच बोट. जितू नव्हे, बाबा खेळत होते! शेत गोडाऊनखाली गेल्यापासून त्या हातांना काम नव्हतं, ते मला माहीत होतं. पण हे कुणी सांगितलं नव्हतं. स्क्रीनच्या बाजूला भिंतीवर कागद चिकटवलेले, जितूच्या अक्षरात, देवनागरीत. माझ्या टिपा. एकूण एक.

"आलास? बस," बाबा म्हणाले आणि पुन्हा स्क्रीनकडे वळले. मी त्यांच्या उजव्या बाजूच्या स्टुलावर बसलो. काय खेळत होते! आयुष्यभर शेत सांभाळून खाडीत गळ टाकून बसलेला माणूस, त्याला कसली घाई? वाईट बॉलला बोट हलायचंच नाही. एक सोडला, दोन सोडले, चार सोडले, आणि फुकटात पहिला बेस. असं मला आणि जितूला कधीच जमलं नाही. मग बॉलर बदलला. डावखुरा आला. बाबांनी भिंतीकडे एकदा बघितलं, एस दाबला आणि बाद झाले. पुढच्या वेळी पुन्हा तेच. पुन्हा बाद. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही.

"काय बोलतो, तिकडं सगळे असेच पलतात का?" त्यांनी विचारलं.

मी "हो" म्हणालो. तीन वर्षांनी बापाशेजारी बसून मी पहिला शब्द बोललो तो खोटा.

दोन दिवसांनी आईच्या नवसासाठी वज्रेश्वरीला गेलो. आई-बाबा देवळात, आणि जितू नि मी गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसलो. पाणी चटके देत होतं. मी म्हटलं, "जितू, ती डावखुऱ्याची टीप..."

"खोटी होती. म्हाईत हाय." तो पाण्याकडेच बघत होता. "पहिल्याच संध्याकाळी कललं मला. मी बोललो मोठेबाबांना, की पलू नका, हे चुकलंय. तर मलाच बोलले, तू राहनाळात बसून काय बघतोस? माझा पोरगा तिकडं डोल्यांनी बघतो."

"मग तू कागद बदलायचास ना!"

"बदलला. दुसरा लिवला, डावखुऱ्याला थांबा म्हणून. एका मिनिटात ओलखलं त्यांनी. काल येगलं होतं, जसं हाय तसं लिव, बोलले." जितूनं पाय बाहेर काढले, लालभडक झाले होते. "हेम्या, तुझ्या पोटात दुखलं ते मला कललंच होतं. पण माझ्या पोटाचं काय? तीन वर्षं बाजूला मी बसलो. दवाखान्यात मी नेलं. चष्म्याचा नंबर मी काढून आणला. आनि ऐकायचं कुनाचं? कागदाचं! मी बरोबर सांगतोय तरी माझं न्हाय, तुझं खोटं तरी तुझंच. तू जलतोस होय रे? जलायचं तर मी जलायला पायजे."

खरं सांगू? हे ऐकून आधी मला आनंद झाला. अगदी हलकट आनंद. म्हणजे एवढी वर्षं बाबा माझंच ऐकत होते, जितूचं नाही! त्या आनंदात मी पाच मिनिटं तरी पायानं पाणी ढवळत बसलो. लाज त्यानंतर आली, पण आली ती जायचं नाव घेईना.

परत जायच्या आदल्या संध्याकाळी बाबा खेळत होते, मी स्टुलावर, जितू दारात चहाचा कप घेऊन उभा. डावखुरा बॉलर आला. बाबांचं बोट एसकडे गेलं.

"बाबा, थांबा. ती टीप खोटी आहे. मी मुद्दाम लिहिली होती."

बोट तसंच वर राहिलं. "मुद्दाम? कशाला?"

"जितूनं तुमच्यासमोर हरावं म्हणून. मला वाटलं, तो खेळतोय आणि तुम्ही बघताय. मी त्याच्यावर जळत होतो."

वाटलं, कानाखाली बसेल. बरं झालं असतं. बाबांनी चष्मा काढला, बनियनच्या टोकानं पुसला, परत लावला. भिंतीवरच्या सगळ्या कागदांवरून एकदा नजर फिरवली, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

"मंजे हे तू मला लिवलं न्हवतंसच?"

तीन वर्षं फोनवर दोन वाक्यं बोलणारा माणूस ते कागद पोराची पत्रं म्हणून वाचत होता. "बॉलरच्या हाताकडे बघा," "थांबा," "पळा," हे सगळं मी त्यांना सांगतोय, असं धरून चालला होता. आणि एकही ओळ त्यांच्यासाठी नव्हती. खोटीसुद्धा दुसऱ्याचीच.

"जितू," बाबा म्हणाले, "ये. आता तू सांग, डावखुऱ्याला कसं करायचं." मग माझ्याकडे न बघता, आवाज जराही न चढवता, "हेमंत, सरक जरा. त्याला बसू दे."

मी सरकलो.

आता मी ओहायोतच असतो. स्वतःचं घर आहे, मागे लॉन आहे. शेजाऱ्यानं नवी गाडी घेतली, बरोबरीच्या मित्राला माझ्याआधी ग्रीन कार्ड मिळालं, मला काही वाटलं नाही, पेढे खाऊन आलो. हल्ली रविवारी फोनवर बाबांना मी टिपा सांगतो. खऱ्या, त्यांच्यासाठी, त्यांचं नाव घेऊन. ते ऐकून घेतात आणि म्हणतात, "बरं. जितूला इचारून बघतो." फोन ठेवला की मी किचनमध्ये उभ्या उभ्या जळतो, आणि मला कळतं की माझं घर अजून तिथेच आहे, राहनाळला, बाबांच्या उजव्या हाताच्या स्टुलावर. सध्या तिथे जितू बसतो.