चक्कीतला शेंदरी गोळा

हिंगणीतल्या एका पिठाच्या चक्कीत, मोटरच्या वरच्या कोनाड्यात, नारळाएवढा शेंदरी गोळा ठेवलेला असे. घरचे त्याला देव म्हणत, गावातले मीटर म्हणत. चक्कीवाल्याचे वडील सांगून गेले होते की हे यंत्र त्यांनी दुसऱ्या महायुद्धात स्वतःच्या हाताने एका विमानातून काढले. युद्ध संपल्यावर ते परत आले आणि पुढची सगळी वर्षे त्यांनी कापसाची सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या कारखान्यात काढली. त्यामुळे गावाचे म्हणणे वेगळे होते: यंत्र विमानातले नाही, जिनिंगच्या बॉयलरचे आहे. या वादातून त्या घराला 'पायलट' हे नाव पडले आणि चक्कीला 'पायलटची चक्की'. नाव घेताना लोक हसत.

मी तेव्हा वर्ध्याला एका दैनिकाच्या कार्यालयात काम करत होतो. नव्वदच्या दशकाची पहिली वर्षे होती. जुन्या लढाऊ विमानांच्या वस्तू जमवण्याचा नाद मला त्याआधीच लागला होता. नागपूरच्या जुन्या बाजारात आणि जिल्ह्यातल्या भंगाराच्या दुकानांत अधूनमधून काही सापडे: गणवेशाची पितळी बटणे, चामडी टोप्या, फुटक्या काचेचे होकायंत्र. एका घरी पॅराशूटचे कापड कुरडयांच्या वाळवणावर पांघरलेले पाहिले होते. त्या घरातल्या बाईंना ते काय आहे हे ठाऊक होते, आणि कावळ्यांपासून त्याच्याइतके चांगले दुसरे काही नाही हेही.

वस्तू ओळखण्याचे काम बातमीसारखेच असते. आणून देणारा जे सांगतो ते ऐकून घ्यायचे, पण लिहायचे ते वस्तूवर जे दिसते तेच. पहिला नियम असा की हाती आलेली वस्तू पुसायची नाही. ओळख पटवणारे अंक आणि शिक्के पुष्कळदा रंगाने उठवलेले असतात. घासले की वस्तू चकचकीत होते आणि मुकी होते.

माझ्या संग्रहाचा एक छोटा फोटो आमच्याच पेपरात आला, तेव्हा चक्कीवाला कार्यालयात आला. चाळिशीचा माणूस, भुवयांवर पीठ. हातात काहीच नव्हते.

"देव घेऊन बसमधी कसा येऊ?" तो म्हणाला. "तुमीच या साहेब. पाहून सांगा. खरं असन त खरं, खोटं असन त खोटं."

इतक्या वर्षांनी आताच काय अडले, असे मी विचारले.

"नवी चक्की बांधून राह्यलो. बोर्ड लावाचा हाय. पेंटर म्हनते, नाव सांग. लोक त पायलटची चक्कीच म्हनते. बाप खरं बोलला असन त तेच टाकतो. नसन त लोकायच्या हसन्याले म्या कायले रंग देऊ?"

पुढच्या रविवारी मी हिंगणीला गेलो. नव्या चक्कीच्या दारावर पत्र्याचा बोर्ड लागलेलाही होता. पांढरा रंग देऊन झाला होता, अक्षरे नव्हती.

गोळा पाहून मला काहीच सांगता आले नाही. दर खांडेनवमीला घरातली अवजारे पुजताना चक्कीवाल्याची आई त्याला तेल आणि शेंदूर लावत असे. नवरा होता तोवर तो लावत असे, मग तिने सुरू ठेवले. थरावर थर चढून आतल्या वस्तूचा आकारच बुजला होता. बॉयलरच्या मीटरला खालून नळी जोडतात, विमानातल्या यंत्राला मागून. इथे खालची आणि मागची, दोन्ही बाजू शेंदराखाली होत्या.

"खरडून पाहू का?" चक्कीवाल्याने मला विचारले.

उत्तर आईने दिले. ती पायलीजवळ बसून गहू निवडत होती. "देवाले कोनी खरडते का, बाबू?"

"मंग पाहाचं कसं, माय?"

"त्याची खोळ तो सोडीन. तवा पाह्यजो."

शेंदराचा थर जाड झाला की एखाद्या दिवशी तो सबंध सुटून पडतो. त्याला देवाने खोळ सोडली असे म्हणतात. ती कधी सुटावी हे माणसाने ठरवायचे नसते. मीही तिच्या बाजूने बोललो. माझे कारण वेगळे होते: सुरीने खरडले असते तर शेंदराबरोबर आतला रंग आणि अंक गेले असते. चक्कीवाल्याला ते पटले की नाही सांगता येत नाही, पण त्याने हात लावला नाही.

शेजारी त्याच्या चुलतभावाचे किराणा दुकान होते. तो दारात उभा राहून हे सगळे ऐकत होता.

"साहेब, बातमी लिहा," तो म्हणाला. "हिंगणीत विमान उतरलं, बाकी सारं उडून गेलं, मीटर तेवढं रायलं."

"तू आपली साखर तोल," चक्कीवाला म्हणाला.

त्यानंतर कामानिमित्त त्या बाजूला गेलो की मी चक्कीत डोकावत असे. बोर धरणाची, जंगलाची, कापसाची बातमी असली की वाट तिथूनच जाई. बोर्ड कोराच असे. उन्हाने त्याचा पांढरा रंग पिवळट झाला, एका कोपऱ्याला गंज आला. खोळ सुटली नव्हती. चुलतभाऊ मला पाहिले की विचारी, "साहेब, देवाची तारीख लागली का?" चक्कीवाला हसत नसे. एकदा त्याने पट्टा चढवता चढवता सांगितले की बाहेरगावचा पाहुणा 'पायलटचे घर कोणते' असे विचारतो, तेव्हा रस्ता सांगणाराही हसतो. त्याच्या मुलीला शाळेत तेच ऐकावे लागले होते. "बाप खोटा होता म्हनून कोनी सांगून टाकलं तरी चालन," तो म्हणाला. "पन सांगाव त खरं कोनीतरी."

दोन हजार साल उलटून गेले. गावात मोबाइल आले. एका मे महिन्यात, वर्ध्याचे डांबर चपलेला चिकटते अशा दिवसांत, त्याचा फोन आला.

"साहेब, देवानं खोळ सोडली. कोनी हात लावला नाई. येता काय?"

मी पोचलो तेव्हा शेंदराचे तुकडे परडीत भरून ठेवले होते आणि यंत्र पाटावर होते. काळ्या रंगाची गोल डबी, पुढे काच, काचेला एक बारीक तडा. चबुतऱ्यावर चुलतभावासह बरीच मंडळी जमली होती.

मी आधी खालची बाजू पाहिली. नळीची जागा नव्हती. जोड मागच्या बाजूला होता. काचेआड शून्य ते नऊ असे आकडे, तीन काटे, आणि हवेचा दाब दाखवणारी छोटी खिडकी. मागच्या पत्र्यावर मुकुटाचा शिक्का आणि त्याखाली ए. एम. ही दोन अक्षरे होती. ब्रिटिश हवाई खात्याच्या सामानावर असा शिक्का असे. त्यापुढच्या, भांडारातल्या नोंदीच्या क्रमांकाची सुरुवात विमानातल्या यंत्रांना देत असत तशीच होती. विमान जमिनीपासून किती उंच आहे हे सांगणारे ते यंत्र होते. स्क्रूच्या भोकांच्या कडा झिजल्या होत्या, म्हणजे ते कुठेतरी बसवलेले होते आणि नंतर काढले होते. शेंदराने हे सगळे धुळीपासून आणि दमटपणापासून राखले होते.

हे मी सांगितले. पुढचेही सांगावे लागले. ते कोणी काढले हे यंत्रावर लिहिलेले नव्हते. युद्धानंतर अशी यंत्रे बाजारात किलोवर विकली गेली होती.

"म्हनजे भंगारातूनही आनलं असू शकते," चुलतभाऊ म्हणाला.

"असू शकते," मी म्हणालो.

चक्कीवाला उठला. त्याने परडी उचलली.

सुटलेली खोळ पाण्यात सोडावी लागते. ती सोडायला आम्ही बोर धरणावर गेलो: चक्कीवाला, त्याची आई, चुलतभाऊ आणि मी. देवाला एकटे घरी ठेवायचे नाही म्हणून आईने यंत्र पदरात घेतले होते. धरणाच्या पायथ्याशी जीप थांबली, तेव्हा मला सुचले. मी लांब काटा कुठे आहे ते सगळ्यांना दाखवून ठेवले. यंत्र चालू असेल तर भिंतीवर चढल्यावर तो पुढे सरकायला हवा.

पायऱ्या चढून वर आलो. काटा होता तिथेच होता.

"झोपून राह्यलं मीटर," चुलतभाऊ म्हणाला. "उठवू नका बिचाऱ्याले."

चक्कीवाल्याने यंत्र उन्हात तिरके धरून पाहिले. पन्नास वर्षे बंद असलेले यंत्र न चालणे स्वाभाविक आहे, असे मी म्हणालो. तो मान हलवत होता, पण ऐकत नव्हता.

"टिचकी काऊन नाई मारली?" आई म्हणाली.

"कायची टिचकी?"

"तुहे बाबा मारत. पूजेच्या आंधी दोन टिचक्या. मंग पाहात, काच झाकली तरी. मंगच शेंदूर लावत."

"तू त आतापर्यंत मारत होती, शेंदरावर," चक्कीवाला म्हणाला. "मले वाटे तुही रीत हाय."

"थ्याहिची रीत. मले का मालूम कायले मारत."

चक्कीवाल्याने काचेवर नखाने दोनदा टिचकी मारली. काटा थरथरला आणि पुढे सरकला, जवळजवळ पुढच्या आकड्यापर्यंत. त्याने आणखी एक मारली. काटा तिथेच राहिला. खोळ पाण्यात सोडून आम्ही खाली उतरलो, पायथ्याशी पुन्हा टिचकी मारली, तेव्हा तो परत मूळच्या जागी आला. चुलतभावाने यंत्र हातात घेतले आणि एकटाच पुन्हा पायऱ्या चढून गेला. वरून त्याने हात हलवला. खाली आल्यावर तो फक्त म्हणाला, "चालते."

अशा यंत्राचा काटा अडकतो, म्हणून तपासणारा कामगार आधी काचेवर टिचकी मारतो आणि मग आकडा वाचतो. ती सवय बॉयलरवाल्यालाही असू शकते, हे मी चक्कीवाल्याला परतीच्या वाटेवर सांगितले. त्याने ऐकून घेतले.

"साहेब," तो म्हणाला, "पायलट होतो असं बाबा कदी म्हनलेच नाई. विमानातून काढलं, येवढंच म्हने. पायलट लोकायनं केलं, अन् लोकच हासले."

"थे विमानाचे फिटर होते," मागच्या सीटवरून आई म्हणाली. "मले लग्नातच सांगतलं होतं."

"मंग सांगतलं काऊन नाई, माय?"

"तू पायलट होते का म्हनून विचारत होता. नोयते म्हनून मी गप रायली."

पेंटर पुढच्या आठवड्यात आला. त्या कोऱ्या बोर्डावर आता 'फिटर फ्लोअर मिल' असे लिहिले आहे आणि खाली वडिलांचे नाव. दळण घेऊन येणारे अजूनही पायलटची चक्कीच म्हणतात. चक्कीवाला त्यांना बोर्डाकडे बोट दाखवतो आणि डबा ठेवून घेतो.

खांडेनवमीला मी मुद्दाम गेलो होतो. काच तेवढी मोकळी ठेवावी असे मी आईला सुचवले. तिने विचार केला. मग काचेवर दोन टिचक्या मारल्या, वाकून काटा पाहिला, आणि सगळ्या यंत्राला, काचेसकट, शेंदूर लावला.