शेचाळीस सेकंद

आषाढात एका मंगळवारी सकाळी आमची सई गेली. ती नऊ वर्षांची होती.

चार महिन्यांनी लातूरहून तिच्या फिजिओथेरपीच्या मॅडमचा फोन आला. सईसारख्या, मेंदूच्या आजारामुळे हातपाय न वळणाऱ्या मुलांसाठी त्या प्रगती मोजण्याचा नवा तक्ता तयार करत होत्या. मुलांमध्ये काय सुधारलं म्हणजे खरंच सुधारलं, हे त्यांना पालकांना विचारायचं होतं. "तुम्ही या. वहीसुद्धा आणा," त्या म्हणाल्या. सात वर्षं मी रोज सईला स्टुलावर बसवून, ती आधाराशिवाय किती सेकंद बसते, ते लिहीत होतो. त्या लिहिण्याचा काही उपयोग झाला की नाही, हे मला कुणाला तरी विचारायचं होतं. म्हणून निघालो.

नांदेडच्या स्टँडवर सकाळची गाडी मिळाली. कंडक्टर आला तेव्हा सवयीने म्हणालो, "लातूर. एक फुल, एक हाफ."

त्याने शेजारची मोकळी जागा पाहिली. आता बायकांना सगळीकडेच हाफ तिकीट असतं, त्यामुळे तो हसून म्हणाला, "काका, काकूला स्टँडवरच विसरून आलात का काय?"

मागचे दोघे हसले. मीही हसलो. का हसलो, ते अजून कळलेलं नाही. "एकच द्या," म्हणालो.

लोहा मागे पडलं. सोयाबीन निघून गेलेली काळी रानं, मधूनच फुलोऱ्यात आलेली तूर, आणि पुढे माळ चढू लागला. या रस्त्याने सईला आठ वेळा लातूरला नेलं होतं. तरी बाहेरचं काहीच ओळखीचं वाटेना. वाटेत मी बहुधा तिची मान सावरण्यातच असायचो.

अहमदपूरला गाडी पंधरा मिनिटं थांबली. स्टँडबाहेर सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांना फोडणी देऊन केलेला नाश्ता) घेतला. दोन घास तिखट नसलेले बाजूला काढले आणि मग ते मीच खाल्ले.

लातूरला मॅडमच्या खोलीत सतरंजीवर आठ-दहा आईबाप बसले होते. मॅडमनी माझी ओळख करून दिली, सई गेल्याचंही सांगितलं. मग म्हणाल्या, "आजवर आम्ही गुडघ्याचा कोन मोजला, बसण्याचे सेकंद मोजले. ते आम्हाला मोजता येतं म्हणून. तुमच्या घरात कशाने फरक पडतो, ते सांगा."

 मग मुरुडहून आलेल्या शाहीनबाई बोलल्या. त्या घरी शिवणकाम करतात. त्यांचा सहा वर्षांचा अयान त्यांच्या मांडीवर आडवा होता.

"मॅडम, लग्नाकार्यात ह्याला घेऊन जाते. समद्यांची पोरं ह्याच्या त्याच्या कडेवर फिरून राहिलेली असतात. ह्याला कोणी उचलत न्हाई. ते मोजा."

"ते कसं मोजणार, ताई?" एका वडिलांनी विचारलं.

"काय अवघड हाय त्यात? किती जणांनी उचललं, ते मोजा. मी सोडून!"

सगळे हसले. मॅडमनी मात्र ते लिहून घेतलं. मग त्या माझी वही चाळू लागल्या. "इतकी नीट नोंद मी पाहिली नाही," म्हणाल्या. हेच ऐकायला मी आलो होतो. ऐकल्यावर काहीच वाटलं नाही.

शाहीनबाई वाकून वहीत बघत होत्या. "किती बसायचं लेकरू?"

"शेवटी शेवटी शेचाळीस सेकंद."

"लई झालं की, सर. माझा तर बसतच न्हाई." अयानची लाळ पदराने पुसत त्यांनी विचारलं, "आन बसून काय करायची?"

 मी आठवू लागलो. सेकंदकाटा आठवला. माझा अंगठा आठवला, पेन आठवलं. तिचा चेहरा कुठे वळलेला असायचा, ते काही केल्या आठवेना.

"मी घड्याळ बघत होतो," म्हणालो.

"हाव, ते पण कोणीतरी बघायलाच पायजे," त्या म्हणाल्या. त्यांनी मला सांभाळून घेतलं की त्यांना खरंच तसं वाटलं, कोण जाणे. मॅडमनी तक्त्यात नवा प्रश्न घातला: बसल्यावर मूल काय करतं? माझी वही त्यांना ठेवून घ्यायची होती. मी परत मागून घेतली.

परतीच्या गाडीत बसण्याआधी स्टँडवरूनच घरी फोन लावला.

"सुनंदा, सई बसली की काय करायची गं?"

बायको म्हणाली, "समोरच्या पत्र्यावरची कबुतरं बघायची. म्हणून तर तुम्ही स्टूल खिडकीपाशी ओढलं होतं ना?"

"हो," म्हणालो.

घड्याळाचा काटा नीट दिसावा, उजेड हवा, म्हणून ओढलं होतं. हे तिला सांगायला हवं होतं. गाडी लागली, आणि मी फोन ठेवला. चाकूरपर्यंत विचार केला. तेव्हा मी कबुतरंही पाहिली असतील का? तिच्यासाठी ओढलं असं सुनंदाने सात वर्षं मानलं, तर ते थोडं तरी खरं झालं असेल का?  अहमदपूरला उतरलो नाही.

संध्याकाळी घरी पोचलो. वही कपाटात ठेवली. सुनंदाला अजून सांगितलेलं नाही. स्टूल खिडकीपाशीच आहे.