कुंकवाचं बोट लागलेला डबा

औषधाचा रिकामा डबा आमची आई कधी चेपू द्यायची नाही. गुढियारीत आमच्या गल्लीत येणारा कबाडीवाला अख्ख्या डब्यांना भाव जास्त द्यायचा. "फुकट काहून घालवायचं?" हे तिचं ठरलेलं. आणि डबा नवा आला की झाकणाच्या आतल्या बाजूला कुंकवाचं बोट. स्कूटर असो की मिक्सर, तिचं बोट लागल्याशिवाय ती वस्तू घरची होत नसे.

बाबा रेल्वेतून रिटायर झालेले, हृदयाची झडप बदललेली. रक्त पातळ ठेवणारी गोळी चुकली तर गाठ थेट मेंदूत जायची भीती. नकली औषधांच्या बातम्या वाचून माझा जीव टांगणीला लागायचा. डब्यावर चौकोनी कोड आधीपासून होता, पण आम्ही कधी तपासला नव्हता. तो धाकट्या भावाने दाखवला. "दीदी, ये ब्लॉकचेन है." कारखाना, भनपुरीचं गोदाम, दुकान, सगळ्यांची नोंद त्यात, एकदा झालेली नोंद कोणाच्या बापाले खोडता येत नाही. मी म्हटलं, सुटलो बाई!

आई मावशीकडे भंडाऱ्याला गेली असताना नवा डबा आला. भावाने मोबाइल धरला, हिरवी खूण उमटली. "ओरिजिनल है!" बाबांनी त्यातल्या गोळ्या सुरू केल्या. डबा संपायच्या आत एका सकाळी त्यांच्या हातातून चहाचा कप सुटला आणि तोंड वाकडं झालं.

दवाखान्यात रक्त तपासून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळी बंद केली होती का?" आम्ही डबा पुढे केला.

आई भंडाऱ्याहून तशीच धावत आली होती. तिने डबा घेतला, झाकण उघडलं. आत कुंकवाचं बोट होतं, जुनं, फिकं पडलेलं.

"अवो, मी तर याले हातबी नाही लावला!"

मेल्यांनी आमचाच रिकामा डबा भरून आम्हालाच विकला होता. मोबाइल खोटं बोलला नव्हता, डबा असलीच होता. आतल्या गोळीचं त्याला काय कळणार? माझ्या अंगाची अशी आग झाली की तो मोबाइल भिंतीवर फेकावासा वाटला.

कबाडीवाला पुन्हा गल्लीत फिरकला नाही. आई आता प्रत्येक डबा दातओठ खात बारीक फाडते. बाबांना बोलता येत नाही. तिच्या हातात गोळी दिसली की पहिल्यासारखंच मुकाट्याने तोंड उघडतात.