जोडाखालचा कागद

माझ्या थोरल्या भावाला सगळे पक्कड म्हणतात. त्याच्या मुठीत सापडलेला नट सुटल्याशिवाय राहत नाही, म्हणून. तो नळकाम करतो आणि गेली नऊ वर्षं मी हत्यारांची पिशवी घेऊन त्याच्याबरोबर हिंडते. बाईमाणसाचं हे काम नव्हे असं ज्यांनी ज्यांनी मला ऐकवलं, त्यांच्या घरच्या तुंबलेल्या मोऱ्या मी याच हातांनी उपसल्या आहेत, त्यामुळे आता मी वाद घालत नाही.

पक्कडची गोष्ट सांगायची तर मारापासूनच सुरुवात करावी लागते. आमचे वडील रबरी नळीने मारायचे. वॉशिंग मशीनला पाणी नेणारी असते ना, तसली, टोकाला पितळी नट असलेली. मारताना नटाचं टोक पुढे असायचं. वडील नळी हातात घेऊन आले की दादा मला खिडकीखालच्या कोपऱ्यात ढकलायचा, माझ्या डोक्याच्या दोन्ही बाजूंनी खिडकीचे गज घट्ट धरायचा आणि पाठ त्यांच्याकडे करायचा. गज कशाला धरतोस म्हणून मी एकदा विचारलं होतं. म्हणाला, "हात मोकळे राहिले तर मी वळेन. वळलो तर ते मला मारून टाकतील." त्याचा चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर वीतभर अंतरावर असायचा. डोळे मिटलेले, दात आवळलेले. मला एकही फटका लागला नाही, पण त्या नटाचा पाठीवरचा आवाज मी शेकडो वेळा ऐकला आहे. दादाच्या पाठीवर अजून सहा कोनांचे वण आहेत.

एवढा मार खाल्लेला माणूस पुढे मऊ होत असेल, असं लोकांना वाटतं. कसला मऊ! माझा नवरा गेल्यावर मी दादाकडे राहायला आले, तेव्हा तो तीस वर्षांचा होता आणि घरात त्याचा शब्द पडायच्या आत वहिनी दचकायची. एका संध्याकाळी वहिनीकडून स्वयंपाकघरातला नळ नीट बंद झाला नाही. थेंब थेंब गळत होता, बस. दादाने तिचं डोकं धरलं आणि त्याच नळावर आपटलं. भुवईपासून कानापर्यंत फाटलं. सहा वर्षांची पोर ओट्याखाली बसून बघत होती. मी पलीकडच्या खोलीत केस विंचरत होते. मला आवाज आला. कसला आवाज ते मला जगात सगळ्यात जास्त कळत होतं, आणि मी फणी हातात धरून बसून राहिले. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, आज सांगते आहे.

वहिनी पोरीला घेऊन गेली ती गेलीच. त्या दिवसापासून दादाने कोणावर हात उचलला नाही. राग आला की तो उठून बाहेर जायचा आणि गंजलेल्या पाईपचे तुकडे करत बसायचा. आणि त्याला एक खोड लागली. कुठेही जोड दिला की त्याच्याखाली वर्तमानपत्राचा कोरडा कागद ठेवायचा आणि पंधरा मिनिटं घड्याळ लावून समोर बसून राहायचं. कागदावर एक थेंब दिसला तर जोड उकलून पुन्हा करायचा. पंधरा मिनिटांच्या आत तो कोणाच्याही घरातून हलत नाही. गिऱ्हाईक हसतं, चहा विचारतं, शेवटी वैतागतं. दादा ढिम्म.

बारा वर्षांनी पोर परत आली. आमच्या गावात तिला शिकायला प्रवेश मिळाला होता. आली ती दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, एकदाच सांगते. कोणावरही हात उचललात ना, कोणावरही, तर त्या दिवशी मी बॅग उचलीन." दादा म्हणाला, "बरं." तीन आठवडे झाले होते तिला येऊन. जेवताना दादाने मिठाकडे हात नेला की ती खुर्ची अर्धी वीत मागे घ्यायची. जाणूनबुजून नव्हे, आपोआप. दादाला ते दिसायचं. मग तो हात इतका सावकाश पुढे न्यायचा की मलाच गलबलून यायचं. ती अर्धी वीत मिटावी, एवढ्यासाठी हा माणूस जगत होता.

त्या दिवशी दुपारी आम्ही एका तिसऱ्या मजल्यावरच्या घरी गेलो. वॉशिंग मशीन बदलायचं होतं. नवं मशीन बंद खोक्यात दाराबाहेर येऊन पडलं होतं. दार एका तिशीतल्या बाईने उघडलं. एवढ्या उकाड्यात तिच्या बाह्या मनगटापर्यंत होत्या.

"जुनं बंद पडलंय," ती म्हणाली. "तेवढं काढून नवं जोडून द्या, भाऊ. चारच्या आत झालं पाहिजे. हे चारला येतात."

न्हाणीघरात जुनं मशीन होतं. त्याच्या दाराची जाड काच आत फुटलेली. वरच्या पत्र्याला तीन पोचे, एकाखाली एक. दाराच्या बिजागरीत केसांचा झुपका अडकला होता, लांब, मुळांसकट. दादाने एकेका पोच्यावरून बोट फिरवलं.

"मशीन आतून बिघडतं," तो हळू म्हणाला. "हे बाहेरून बिघडलंय."

बाईने पदर ओढून घेतला. "परवा त्यांचा पांढरा शर्ट माझ्याकडून गुलाबी झाला," ती म्हणाली, जसं काही त्याने सगळं समजण्यासारखं होत होतं. "नवं मशीनही त्यांनीच आणलंय. मनाने वाईट नाहीत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दादाने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. कामाला लाग, असं.

कामानेही आमचा अंत पाहिला. भिंतीतला जुना अँगल कॉक, म्हणजे मशीनसाठीचा छोटा नळ, गंजून दगड झाला होता. पाना लावला तर तो अर्धा हातात आला, अर्धा भिंतीत राहिला. आतला तुकडा छिन्नीने उचकटत, ठोकत काढण्यात तासभर गेला. घरातल्या भांड्यांपर्यंत हादरे जात होते आणि प्रत्येक ठोक्याला ती बाई दाराच्या चौकटीत डोळे मिटत होती. शेवटी आटे साफ झाले. दादाने नव्या कॉकला टेप गुंडाळून तो बसवला. मी मशीनच्या पाठीमागचे वाहतुकीचे बोल्ट काढले, कारण ते तसेच राहिले तर मशीन पहिल्या फेरीलाच नाचत सुटतं. सांडपाण्याची नळी नीट उंचीवर अडकवली. जुनं मशीन आम्ही दोघांनी ढकलत दाराबाहेर जिन्यापाशी ठेवलं. पावणेचार वाजले होते.

दादाने कॉकखाली कागद ठेवला आणि उकिडवा बसला.

"झालं ना भाऊ? मग निघा आता," बाई म्हणाली.

"पंधरा मिनिटं."

"मी बघते ना. थेंब दिसला तर फोन करते."

"दादा, ऊठ," मी म्हणाले. "तिची पाचावर धारण बसलीये, दिसत नाही?"

"दिसतंय," तो म्हणाला आणि घड्याळ लावलं. तो कागदासाठी बसला होता की तिच्यासाठी, हे मी नंतर त्याला खूपदा विचारलं. तो सांगत नाही.

चारला पाच कमी असताना नवरा आला. नीटनेटका माणूस, कडक इस्त्री, मृदू आवाज. त्याने आम्हाला नमस्कारही केला. नव्या मशीनवर हात फिरवला. मग बायकोकडे वळून त्याच आवाजात विचारलं, "जुनं बाहेर कोणी ठेवलं?"

"नेणारे येतील म्हणून..."

"तुझे केस अडकलेत त्याच्यात. सगळ्या मजल्याने बघावेत म्हणून ठेवलंस?"

पुढचं इतक्या पटकन झालं की मला उठायलाही वेळ मिळाला नाही. त्याने तिला अंबाड्याला धरलं आणि नव्या मशीनच्या कडेवर आपटलं. ती कोपऱ्यात कोसळली. त्याने पाय उचलला, तर मध्ये दादा. दादाने त्याला ढकललं नाही, हात लावला नाही. तो त्या बाईवर ओणवा झाला, तिच्या डोक्यावरचा नवा कॉक दोन्ही हातांनी धरला आणि पाठ नवऱ्याकडे केली.

मी हे आधी बघितलेलं होतं. फक्त आतून बघितलेलं होतं, बाहेरून पहिल्यांदाच बघत होते.

"बाजूला हो," नवरा म्हणाला. दादा हलला नाही. जमिनीवर जुन्या मशीनची नळी पडली होती. नवऱ्याने ती उचलली, टोकाला पितळी नट. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा मणक्यावर. नवरा दातओठ खात मारत होता, मृदू आवाज कुठल्या कुठे गेला होता. दादाच्या शर्टावर रक्त आलं. त्याची बोटं कॉकभोवती पांढरी पडली होती, आणि मला ठाऊक होतं की तो वळला तर त्या माणसाचं मुंडकं हातात घेईल. तो वळला नाही. पाच, सहा, सात. तो आवाज. तोच.

या वेळी माझ्या हातात फणी नव्हती. चौदा इंची पाईप पाना होता.

पहिला फटका मी त्याच्या नळी धरलेल्या हाताच्या कोपरावर मारला. हाड मोडल्याचं मला मुठीत कळलं. तो वळला, तेव्हा दुसरा गुडघ्यावर. तो किंचाळत खाली पडला आणि हात वर करून नको नको म्हणू लागला. तिसऱ्या फटक्याची गरज नव्हती. तो मी माझ्यासाठी मारला. त्याचे दोन दात नव्या मशीनखाली गेले.

शेजारी आले, पोलीस आले. "कोणी मारलं?" या प्रश्नावर मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "मी." पाना त्याने केव्हाच माझ्या हातातून काढून घेतला होता. नवऱ्याच्या तोंडाला फडकं लावून त्याला दवाखान्यात नेत होते, तो काही बोलण्याच्या स्थितीत नव्हता. बाईला डोक्याला टाके घालायला नेलं.

चौकीत दादा बाकावर पुढे वाकून बसला, कारण पाठ टेकवता येत नव्हती. मला हळूच म्हणाला, "कागद बघितलास का?" मी नाही म्हटल्यावर खरंच चुकचुकला. मग म्हणाला, "तू गप्प राहा. माझं नाव आधीच खराब आहे, तुझं कशाला." आणि मी गप्प राहिले. तासभर. पुन्हा एकदा केस विंचरत बसल्यासारखी.

पोरगी आली ती कॉलेजातूनच, पाठीला दप्तर. हवालदाराने तिला सांगितलं, "तुझ्या वडिलांनी एकाचा हात मोडला, दात पाडले. तसं कबूल केलंय." तिने बापाकडे बघितलं. फक्त मान हलवली, जसं काही तिला हे कळणारच होतं, आणि दाराकडे वळली. दादाने तिला हाक मारली नाही. ते बघितलं आणि माझ्या तोंडाचं कुलूप गळून पडलं.

"तुझ्या बापाने नाही मारलं. मी मारलं. तिन्ही फटके मी मारले."

"गप बस गं," दादा म्हणाला.

पोरगी थांबली. परत येऊन त्याच्यासमोर उभी राहिली. "हात दाखवा, बाबा."

दादाने शाळेतल्या पोरासारखे दोन्ही हात पुढे केले. तिने बोटांच्या सांध्यांवरून एकेक करून अंगठा फिरवला. कुठे खरचटलेलं नव्हतं, सूज नव्हती. मग हात उलटे केले. दोन्ही तळव्यांवर कॉकच्या चक्रीचे दाते रुतून काळेनिळे झाले होते. ती मागे गेली, त्याच्या शर्टाची मागची बाजू वर केली. जुन्या वणांवर नवे उमटले होते, त्याच मापाचे.

त्याच सुमाराला ती बाई डोक्याला पट्टी बांधून आली आणि कोणी विचारायच्या आत हवालदारासमोर बसली. "खरं काय ते मी सांगते, लिहून घ्या," म्हणाली. तिने सगळं सांगितलं, परवाचं, त्याआधीचं, लग्नापासूनचं. माझा पानाही सांगितला, आणि त्याआधीची नळीही. मग दादाकडे वळून म्हणाली, "कागद कोरडा होता, भाऊ." दादाने समाधानाने मान डोलावली. तेव्हापासून ती तिच्या बहिणीकडे राहते. माझ्यावरची केस चालू आहे, त्याचं जे होईल ते होईल.

पण मला सांगायचं आहे ते त्या बाकाचं. पोरगी बापाच्या शेजारी बसली, अगदी खांद्याला खांदा लावून. दादाने श्वास रोखून धरला होता, जोड दिल्यावर कागदाकडे बघताना धरतो तसा. ती हलली नाही. मला इतकं बरं वाटलं की मीही उठून तिच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसले आणि तिच्या केसांवरून हात फिरवायला हात उचलला.

ती अर्धी वीत बापाकडे सरकली. जाणूनबुजून नव्हे, आपोआप.

मला पस्तावा झालेला नाही. पहिल्या दोन फटक्यांचा तर मुळीच नाही. पण आता आमच्या घरी जेवताना मीठ मला हवं असलं, तर मीच हात फार सावकाश पुढे नेते, आणि दादा मिठाचं भांडं माझ्याकडे सरकवतो.