मोरपंखी पापण्यांची कानबाई

माझ्या अंगात आजवर एकदाच देवी आली, आणि तीही जेल आयलायनरच्या डबीतून.

माझं माहेर जामनेरचं, सासर धुळ्याचं. जळगावला राहून मी ब्यूटी पार्लरचा कोर्स केला (पहिला नंबर नाही आला, पण आयब्रो करताना कुणाची कातडीही कापली नाही!) आणि लग्न झाल्यापासून माझा एकच हट्ट होता. घराच्या पुढच्या खोलीत पार्लर काढायचं. त्या खोलीत सासूबाईंचे, म्हणजे आमच्या आत्यांचे कांदे राहत. कांदे, पापडांचे डबे आणि एक मेलेला कूलर.

"आत्या, कांदे मागच्या पडवीत ठेवू ना!"

"कांदा पोट भरस. तुना रंग काय भरस?" आत्या म्हणायच्या. "आनि तो टिकस तरी का? उद्या नवरीना रंग उतरना म्हणजे लोके मना दारमा भांडाले येतीन."

माझ्या रंगाला नावं ठेवली की माझं डोकं फिरतं. मी तडक जाऊन ऑनलाइन मागवलेली आयलायनरची डबी आणली. भडक मोरपंखी, वर चमकी. घाम, पाणी, अश्रू, काहीही झालं तरी हलणार नाही असं खोक्यावर छापलेलं. आत्यांनी डबी उघडून वास घेतला, बोटाला लावून बघितली आणि अट घातली.

"कानबाईना दिवस लाव. दिवसभर चुलीपुढे बस. संध्याकाळनी आरतीपावत टिकना, तं खोली तुनी."

आता कानबाई म्हणजे काय, हे खानदेशाबाहेरच्यांना सांगायला हवं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आम्ही नारळाला चांदीचे डोळे, नथ, दागिने लावून घरात देवी बसवतो. सगळी भाऊबंदकी जमते, नैवेद्याचे रोट होतात, आणि एखाद्या बाईच्या अंगातही येतं. त्या दिवशी घरातल्या बायका पहाटेपासून धुरात असतात. म्हणजे आयलायनरची परीक्षा घ्यायला आत्यांनी पेपर फारच अवघड काढला होता!

मीही कमी नव्हते. नुसती रेघ ओढली तर टिकली काय न टिकली काय, कुणाला दिसणार? मी दोन्ही पापण्या भुवयांपर्यंत लिंपून काढल्या. डोक्यावरून न्हाले होते, केस ओले म्हणून मोकळे सोडले आणि चुलीपुढे जाऊन बसले.

दुपारपर्यंत धुरानं डोळ्यांतून धारा लागल्या. रंग ढिम्म हलला नाही. मी पदरानं पुसलं, नळाखाली तोंड धरलं, हलला नाही. आत्या येता-जाता माझ्या तोंडाकडे बघायच्या आणि चुलीत मुद्दाम एक ओलं लाकूड सरकवायच्या. घसा पार खरखरीत झाला, पण मी मनातल्या मनात खोलीच्या भिंतींना गुलाबी रंग द्यायला घेतला होता.

संध्याकाळी आभाळ भरून आलं. पाऊस नाही, वारा नाही. घरात माणसं खचाखच भरलेली, पण आरती सुरू झाली तशी बाहेर गल्ली एकदम गप्प झाली. धूप एवढा दाटला की कानबाईचं तोंड दिसेना, फक्त चांदीचे दोन डोळे दिसत होते. आरती संपली. शेवटची टाळी वाजली आणि लाइट गेली.

तेवढ्यात माझ्या पापण्या चिकटल्या. दिवसभराच्या घामानं आणि धुरानं त्या लेपाचा असा काही डिंक झाला होता की डोळे उघडेचनात! मी चाचपडत पुढे निघाले. समईचा उजेड माझ्या तोंडावर पडला असणार, कारण कुणीतरी "माय वं!" म्हणून किंचाळलं. मग फक्त समईची वात तडतडलेली ऐकू आली.

मी एका डोळ्याची जेमतेम फट उघडली. समोर सगळे भिंतीला चिकटून उभे. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. माझ्या मागे काहीतरी आहे, अशी माझी खात्रीच झाली! मी हळूच मागे वळले. मागे फक्त कानबाई होती, तीही माझ्याकडेच बघत होती. मला दरदरून घाम फुटला आणि पाय लटपटायला लागले.

मी लटपटतेय म्हटल्यावर शेजारच्या लीलाअक्कांना शंकाच उरली नाही.

"कानबाई उनी वं! तिना डोया दखा! मिटेल शेत, तरी चमकी ऱ्हायनात!"

मिटलेल्या पापण्यांवरची माझी चमकी त्यांना देवीचं तेज वाटली होती. घंटा वाजायला लागली. लीलाअक्कांनी माझ्या कपाळावर मूठभर हळदकुंकू थापलं, त्यातलं अर्धं डोळ्यात गेलं आणि मी अशी किंकाळी फोडली की दोन पाहुण्या बायकांनी लोटांगणच घातलं.

माझे यजमान (बी.एस्सी. झालेले!) जवळ आले आणि कापऱ्या आवाजात कुजबुजले, "ज्योती, तूच आहेस ना?"

"मीच आहे! मीच!" मी घोगऱ्या आवाजात ओरडले.

"मीच आहे म्हणतेय," त्यांनी सगळ्यांना सांगितलं आणि माझ्या पायावर डोकं ठेवलं. लग्नानंतर पहिल्यांदाच हो!

मग आत्या पुढे आल्या. त्या फटीतून मला त्यांचे जोडलेले हात दिसले. अख्ख्या गल्लीला दरडावणारी बाई माझ्यासमोर लहान पोरीगत रडत होती. खरं सांगते, मला भीती वाटली. ही नक्की माझ्याशीच बोलतेय ना, की खरंच आणखी कुणाशी?

"मनं काय चुकनं, माय? तुले काय पाहिजे?"

मला वाटलं, पैज! आरती झाली, रंग टिकला, सासू आता शब्द पाळणार! दुसरं काही सुचायची माझी अवस्थाच नव्हती.

"आरती झाली!" मी खोकत खोकत म्हटलं. "आता पुढची खोली रिकामी करून द्या!"

त्यानंतर मी जे ऐकलं ते सगळं अंधारातच. पोती ओढल्याचा आवाज. डबे आपटल्याचा आवाज. माझे दीर आणि यजमान मेलेला कूलर उचलून पळत होते. कांदे पायऱ्यांवरून गडगडत गेले. लाइट आली तेव्हा खोली धुऊन पुसून मोकळी झाली होती. मला तर रडूच फुटलं. इतकी सुंदर खोली! आरसा कुठे लावायचा हेसुद्धा मी ठरवून टाकलं. आणि मग आत्या तिथे चौरंग घेऊन आल्या, त्यावर रेशमी कापड घातलं आणि कानबाईला नेऊन मधोमध बसवलं.

दुसऱ्या दिवशी आत्यांनी स्वतःच्या हातानं खोबरेल लावून माझ्या पापण्या पुसल्या. रंग अजून निघत नव्हता.

"टिकना वं तुना रंग," त्या म्हणाल्या. "तू जितनी."

"मग खोली?"

"ती तं कानबाईनी मांगी लिधी."

"अहो आत्या, ती मीच होते!"

त्यांनी खोबरेलाचा हात माझ्या तोंडावर दाबला. "आसं बोलू नही. पाप लागस."

आता मी गिऱ्हाइकं स्वयंपाकघरात घेते. एकीकडे भाजी फोडणीला, दुसरीकडे आयब्रो. पुढच्या खोलीत कानबाई कायमची राहायला आली आहे. तिथे गुलाबी रंग झालाय, पंखा लागलाय, आरसाही लागलाय. रोज तिन्हीसांजेला मी दिवा लावायला जाते, चप्पल बाहेर काढते, हात जोडते. खोली नक्की कुणी मागितली होती ते मला आणि कानबाईलाच माहीत आहे. पण दिवा लावून वळले की आरशात बघायची हिंमत होत नाही माझी, कारण मागे ती हसत असणार, अगदी खोली मिळालेल्या बाईसारखी!